टाकीभोवतीचा बांध

पावसाळ्यात इंधनटाकीभोवतीच्या बांधात, म्हणजे डाइकमध्ये, पाणी साचते. ते काढावेच लागते, आणि त्यासाठी भिंतीतून गेलेल्या पाइपचा वॉल्व्ह उघडावा लागतो. कारखान्यातली तेलगळती कशी रोखायची, या प्रश्नाला मला इथूनच हात घालावासा वाटतो. टाकी फुटली, होज निसटला, माप चुकले, तरी सांडलेले तेल आवारात अडवून धरणारी शेवटची भिंत डाइकची असते. त्या भिंतीला पाण्यासाठी एक वाट ठेवणे भाग असते. ती वाट उघडी राहिली, तर भिंत असून नसल्यासारखीच.

ही पुस्तिका टँक यार्डात काम करणाऱ्यांसाठी आहे. बॉयलरसाठी फर्नेस ऑइल आणि जनरेटरसाठी डिझेल साठवणाऱ्या लहान-मध्यम कारखान्यांतले ऑपरेटर, फिटर, स्टोअरकीपर, टँकर रिकामा करून घेणारे मदतनीस आणि रात्रपाळीला गेटवर एकटा असणारा सुरक्षारक्षक तिने डोळ्यांसमोर ठेवले आहेत. तेल कंपन्यांच्या मोठ्या डेपोंना स्वतःच्या नियमावल्या आहेत, तपासनीस आहेत, अग्निशमन दल आहे. एमआयडीसीतल्या एका शेडमागे उभ्या असलेल्या वीस हजार लिटरच्या टाकीला यातले फारसे काही मिळत नाही. तिच्यातून गळलेले तेलही नाल्यातून नदीलाच जाते.

डाइकबद्दलचा नियम सोपा आहे: आतल्या सर्वांत मोठ्या टाकीतले सगळे तेल त्यात मावले पाहिजे. ब्रिटनमध्ये तिच्या क्षमतेच्या ११० टक्के जागा ठेवण्याचा प्रघात आहे. अमेरिकेत पावसासाठी पुरेशी जादा जागा सोडा, असे नियम सांगतो. आपल्याकडच्या पावसाला हा हिशेब लावून पाहू. वीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद डाइक आहे, आत ३०० किलोलिटरची टाकी आहे. ११० टक्क्यांच्या हिशेबाने जादा जागा ३० किलोलिटरची झाली. चारशे चौरस मीटरवर ७५ मिलीमीटर पाऊस पडला की ती भरते. टाकीच्या छपरावरचा पाऊसही ओघळून डाइकमध्येच येतो, त्यामुळे तिथे सवलत नाही. कोकणात जुलैमध्ये ७५ मिलीमीटर पाऊस एका दिवसात पडणे ही बातमीसुद्धा होत नाही. आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी तिथे एक मीटर उंच भिंतीचा डाइक असता आणि त्याचा वॉल्व्ह बंद असता, तर चोवीस तासांत तो पाण्यानेच जवळजवळ काठोकाठ भरला असता. तेलासाठी त्यात जागाच उरली नसती.

म्हणून पाणी काढू नका, असे कोणी सांगू शकत नाही. भरलेला डाइक आणि उघडा वॉल्व्ह हे दोन्ही सारखेच घातक आहेत. ऑपरेटरला या दोहोंच्या मधून रोज वाट काढायची असते, तीही भर पावसात, रेनकोट घालून, पाळी संपत आलेली असताना. हे काम कमी दर्जाचे मानले जाते आणि सर्वांत नवख्या माणसाकडे दिले जाते, याचे मला वाईट वाटते. वॉल्व्ह डाइकच्या बाहेर असावा, त्याला कुलूप असावे, किल्ली पाळीप्रमुखाकडे असावी. उघडण्यापूर्वी पाण्यावर तवंग आहे का ते उजेडात पाहावे. तवंग असेल तर ते पाणी ऑइल-वॉटर सेपरेटरकडे न्यावे, पावसाच्या गटाराकडे नव्हे. पाणी वाहत असेपर्यंत उघडणाऱ्या माणसाने जागा सोडू नये. पाणी संपले की वॉल्व्ह बंद करून वेळ लिहावी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९७३ मध्ये तेलगळती प्रतिबंधाचे नियम आणले. त्यांतही हेच आहे: वॉल्व्ह बंद ठेवा, पाणी तपासा, देखरेखीखाली सोडा, नोंद ठेवा. यात कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो माणूस, आणि त्याला दिलेला वेळ.

ही वाट उघडी राहिली की काय होते, ते जयपूरने दाखवले. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी सीतापुरा औद्योगिक क्षेत्रातल्या इंडियन ऑइलच्या टर्मिनलमध्ये शेजारच्या भारत पेट्रोलियमच्या डेपोकडे पेट्रोल पाठवण्याची तयारी चालली होती. पाइपलाइनवर हॅमर ब्लाइंड नावाचा अडसर असतो. त्याची पाटी फिरवून मार्ग बंद किंवा चालू करतात, आणि ती फिरवत असताना त्याचे तोंड उघडे असते. टाकीकडचा मोटरवर चालणारा वॉल्व्ह त्या वेळी बंद असायला हवा होता. तो उघडा असल्याने टाकीतल्या पेट्रोलच्या साऱ्या दाबाने त्या तोंडातून फवारा उडाला. वाफेने तिथला माणूस बेशुद्ध झाला आणि त्याच्या मदतीला गेलेल्यालाही वाफेने गाठले. कंट्रोल रूममधून तो वॉल्व्ह बंद करण्याची सोय चालू अवस्थेत नव्हती. सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिले. डाइकचा ड्रेन वॉल्व्हही उघडा होता. म्हणून ते डाइकमध्ये न थांबता पावसाच्या गटारात उतरले आणि वाफेचा ढग टर्मिनलभर पसरला. साडेसातच्या सुमारास स्फोट झाला. अकरा माणसे मेली. त्यांत त्या टर्मिनलशी काहीही संबंध नसलेली, कुंपणापलीकडची माणसेही होती. आग अकरा दिवस जळत राहिली.

हिंदुस्तान पेट्रोलियमचे माजी अध्यक्ष एम. बी. लाल यांच्या समितीने या घटनेची चौकशी केली. त्या कामासाठी जागेवर लागू होणारी लेखी कार्यपद्धती नव्हती, दूरवरून गळती थांबवण्याचे साधन नव्हते, धोक्याची पुरती जाण नव्हती, अशी कारणे समितीने नोंदवली. मला त्यातले पहिले कारण सर्वांत जड वाटते. कोणता वॉल्व्ह आधी, कोणता नंतर, हे कामगाराने आठवणीवर चालवायचे, आणि आठवण चुकली की दोष त्याचा, ही आपल्या कारखान्यांतली जुनी रीत आहे. या पुस्तिकेतला सर्वांत मोठा विभाग म्हणूनच कामाच्या क्रमाला दिला आहे. तो क्रम जसाच्या तसा उचलू नये. प्रत्येक कारखान्याने आपल्या पाइपांपाशी उभे राहून, आपल्या वॉल्व्हचे नंबर घालून तो पुन्हा लिहून काढावा.

तेल टाकीतून बाहेर पडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे टाकी जास्त भरणे. इंग्लंडमधल्या हेमेल हेम्पस्टेडजवळच्या बन्सफील्ड डेपोत ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे ९१२ क्रमांकाच्या टाकीत पाइपलाइनने पेट्रोल येत होते. तीनच्या सुमारास पातळी दाखवणारा मापक अडकला. पडद्यावर टाकी दोन-तृतीयांश भरलेली दिसत राहिली आणि प्रत्यक्षात ती भरत गेली. यासाठीच वेगळा, स्वतंत्र हाय-लेव्हल स्विच बसवलेला होता. पातळी धोक्यावर गेली की त्याने पुरवठा तोडायचा. पण चाचणीसाठी असलेला त्याचा दांडा योग्य जागी राहावा म्हणून त्याला एक छोटे कुलूप लागत होते. ते कुलूप कशासाठी आहे, हे तो वापरणाऱ्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ते नसल्यामुळे स्विच निकामी होऊन बसला होता. साडेपाच वाजून गेल्यावर टाकीच्या माथ्यावरून पेट्रोल कोसळू लागले आणि सहा वाजता स्फोट झाला. रविवार असल्यामुळे आसपासच्या कचेऱ्या रिकाम्या होत्या. चाळीसहून अधिक लोक जखमी झाले, मृत्यू मात्र एकही झाला नाही.

या घटनेतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट स्फोटाच्या आधीची आहे. ऑगस्टअखेर ती टाकी दुरुस्तीनंतर पुन्हा वापरात आली, तेव्हापासून त्या पहाटेपर्यंत मापक चौदा वेळा अडकला होता. दर वेळी तो कसाबसा सुटला, काम पुढे गेले. बिघाड सवयीचा झाला की तो बिघाड वाटेनासा होतो. आपल्याकडेही ‘तो काटा तसाच दाखवतो’ हे वाक्य कोणत्याही कारखान्यात ऐकू येईल. ज्या दिवशी ते पहिल्यांदा कोणी म्हणाले, त्याच दिवशी काटा उतरवायला हवा होता.

बन्सफील्डचे डाइकही टिकले नाहीत. भिंतींच्या सांध्यांतून आणि भिंत छेदून गेलेल्या पाइपांभोवतीच्या फटींतून इंधन आणि आग विझवायला वापरलेले पाणी बाहेर झिरपले. खाली चुनखडीचा, पाणी धरून ठेवणारा थर होता, त्या भूजलात ते उतरले. म्हणजे वॉल्व्ह बंद असला तरी भिंत पाणी धरते की नाही, हे वेगळे पाहावे लागते. त्यासाठी आपला पावसाळाच फुकटची चाचणी घेतो. रात्री साचलेले पाणी वॉल्व्ह बंद असूनही सकाळी कमी झालेले दिसले, तर त्याला ‘जिरले’ म्हणून सोडून देऊ नये. जिथून पाणी गेले, तिथूनच उद्या तेल जाईल.

तिसरी घटना अमेरिकेतली आहे, आणि ती जुन्या टाक्या विकत घेणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे बंद पडलेल्या कारखान्यातली टाकी कापून, वाहून नेऊन, दुसरीकडे वेल्डिंग करून उभी करण्याचा धंदा सर्रास चालतो. पेनसिल्व्हेनियातल्या फ्लोरेफ गावी अ‍ॅशलँड ऑइल कंपनीने हेच केले होते. चाळीस वर्षांहून जुने पोलाद, ओहायो राज्यातून सुटे करून आणून जोडलेली, सुमारे दीड कोटी लिटर क्षमतेची टाकी. पूर्ण उंचीपर्यंत पाणी भरून तिची चाचणी झाली नव्हती. नव्या जागी ती पहिल्यांदाच काठोकाठ भरली जात असताना, २ जानेवारी १९८८ रोजी, थंडीत ती उभी चिरली आणि कोसळली. जुन्या पत्र्यातल्या एका दोषापासून तडा सुरू झाला होता. आतले सारे डिझेल एकदम बाहेर पडले, तेव्हा त्याची लाट डाइकच्या भिंतीवरून उसळून पलीकडे गेली. शेजारच्या आवारातले वाहनतळ ओलांडून ते एका झाकण नसलेल्या पावसाळी गटारात शिरले, आणि गटार थेट मोनोंगाहेला नदीत उघडत होते. तिथून तेल ओहायो नदीत गेले. तीन राज्यांतल्या सुमारे दहा लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याला त्याची झळ पोचली.

ते गटार कंपनीच्या मालकीचे नव्हते, त्यामुळे कंपनीच्या नकाशात ते असण्याचे कारण नव्हते. पण तेल मालकी पाहत नाही, उतार पाहते. एमआयडीसीत प्लॉटला प्लॉट लागून असतात, एकाचे पाणी दुसऱ्याच्या कुंपणाखालून जाते. आपल्या आवारातून बाहेर पडणारे पाणी पुढे कुठे जाते हे माहीत असलेले किती व्यवस्थापक भेटतील? मला तरी त्यांची संख्या मोठी वाटत नाही.

आता लहान टाक्यांकडे येतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने इंधनाचे वर्ग ते किती लवकर पेट घेते यावरून पाडले आहेत. पेट्रोल अ वर्गात, डिझेल ब वर्गात आणि फर्नेस ऑइल क वर्गात येते. ब वर्गाचे २५०० लिटरपर्यंतचे तेल, एक भांडे हजार लिटरपेक्षा मोठे नसेल तर, परवान्याशिवाय ठेवता येते. क वर्गाचे एकूण ४५ हजार लिटरपर्यंत ठेवायला परवाना लागत नाही. परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, पेसोचे, मुख्यालय नागपुरातच आहे, पण परवान्याची गरज नसलेल्या टाकीकडे पेसोचा अधिकारी येणार कशाला? कायद्याची ही मर्यादा आगीचा विचार करून आखलेली आहे आणि त्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. नदीला मात्र आगीच्या वर्गीकरणाशी देणेघेणे नाही. सहजी पेट न घेणारे दाट फर्नेस ऑइल ओढ्याच्या दगडांना आणि काठाच्या मातीला असे चिकटते की ते निघता निघत नाही. ४४ हजार लिटर फर्नेस ऑइल एखाद्या ओढ्यात गेले, तर खालच्या गावाच्या दृष्टीने ती मोठीच दुर्घटना असेल.

लहान टाकीचे तेल बहुतेक वेळा टँकर रिकामा होताना सांडते. टाकीत जागा किती आहे हे डिप रॉड घालून न पाहताच होज जोडला जातो, टँकरचा ड्रायव्हर केबिनमध्ये जाऊन बसतो, कारखान्याचा माणूस चहाला जातो. होजच्या कपलिंगखाली साधी बादलीसुद्धा नसते. व्हेंटमधून तेल उसळू लागले की धावाधाव होते. यावर पुस्तिकेत दिलेला उपाय एका वाक्याचा आहे: भरणे सुरू करण्यापूर्वी डिप घ्या, रिकामी जागा लिटरमध्ये काढा, ती टँकरमधल्या तेलापेक्षा कमी असेल तर वॉल्व्ह उघडू नका, आणि शेवटचा थेंब उतरेपर्यंत दोघांनीही तिथेच उभे राहा.

गळती म्हणजे मोठा लोंढाच असतो असेही नाही. फ्लँजच्या गॅस्केटमधून सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटर तेल जाते. एक लिटर डिझेल पाण्यावर एक मायक्रॉन जाडीचे पसरले तर हजार चौरस मीटर पाणी झाकते. टाकीच्या तळाची गळती तर दिसतही नाही. आत तेलाखाली पाणी साचून आणि बाहेरून ओलसर पायाने पत्रा कुरतडला जातो, भोक पडते, आणि तेल डाइकमध्ये न येता जमिनीतच उतरते. भिंतींचा रंग दर दोन वर्षांनी देणारे कारखाने तळाच्या पत्र्याची जाडी मोजायला टाकी रिकामी करायला तयार नसतात, कारण त्यासाठी उत्पादन थांबते. इथे मी कारखानदाराची अडचण ओळखतो, तरी त्याच्या बाजूने बोलू शकत नाही. विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास आल्यावर लागणारा खर्च त्या थांबलेल्या दिवसांच्या कितीतरी पट असतो, आणि तो शेजाऱ्याला भोगावा लागतो.

पुराचा विभाग या पुस्तिकेत आहे याचे मला विशेष समाधान आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, त्यानंतर कोकणातल्या कोणत्याही कारखान्याने पुराला दूरची शक्यता मानू नये. पुरात रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, हे अनेकांना ठाऊक नसते. दहा हजार लिटरची रिकामी टाकी पूर्ण बुडाली तर पाणी तिला दहा टनांच्या बळाने वर ढकलते. तिच्या पत्र्याचे वजन त्यापुढे फारच कमी असते. ती पायावरून उचलली जाते, पाइप तुटतात, आत उरलेले तेल पुराच्या पाण्यावर घरोघर पोचते. २००५ मध्ये कॅटरिना वादळाच्या पुराने अमेरिकेतल्या मेरो गावच्या मर्फी ऑइलच्या रिफायनरीत एक मोठी, बरीचशी रिकामी टाकी अशीच उचलली. सुमारे ४० लाख लिटर कच्चे तेल सांडले आणि हजाराहून अधिक घरांत शिरले. पुराचा इशारा मिळाला की टाकी भरून ठेवावी, ती पायाला नीट बांधलेली असावी आणि तिचे सारे वॉल्व्ह बंद करावेत, हे पुस्तिकेत चित्रासह दिले आहे.

आपल्या देशातली अलीकडची घटना एन्नोरची. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या पावसात चेन्नईजवळच्या मनाली इथल्या सीपीसीएल रिफायनरीच्या आवारातले तेल पुराच्या पाण्याबरोबर बकिंगहॅम कालव्यात आणि तिथून एन्नोरच्या खाडीत गेले. खारफुटीच्या मुळांना आणि मच्छीमारांच्या होड्यांना काळा थर चढला, जाळी वाया गेली. ते तेल उपसायला पुढे झालेल्यांत तेच मच्छीमार होते, मग आणि बादल्या घेऊन. माहुल, तुर्भे, उरण, तळोजा, पाताळगंगा, लोटे या आपल्या ठिकाणांच्या खालच्या अंगालाही खाड्याच आहेत, आणि त्या खाड्यांवर कोळीवाडे आहेत.

तेल सांडल्यानंतर काय करायचे याचा विभाग पुस्तिकेत मुद्दाम छोटा ठेवला आहे, कारण तिचा भर सांडू न देण्यावर आहे. त्यातली एक सूचना मात्र इथे पुन्हा सांगतो: सांडलेले तेल साबणाच्या पाण्याने धुऊन गटारात लोटू नका. साबणाने तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळते, मग सेपरेटर त्याला वेगळे करू शकत नाही. फरशी स्वच्छ दिसते आणि सगळे तेल नाल्यात जाते. वाळू किंवा लाकडाचा भुसा टाका, तो गोळा करा, घातक कचरा म्हणून त्याची वेगळी विल्हेवाट लावा.

पुस्तिका मराठीत आहे, कारण टाकीजवळच्या सूचना बहुतेक ठिकाणी इंग्रजीत लावलेल्या असतात आणि वाचणाऱ्याला त्या अर्ध्याच कळतात. आज यार्डात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले सहकारीही मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी या सूचना त्यांच्या भाषेत करून लावण्याची जबाबदारी प्रत्येक कारखान्याने घ्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. चित्रे त्यासाठीच मोठी आणि कमीत कमी शब्दांची ठेवली आहेत.

शेवटच्या चार पानांवर रिकामे तक्ते आहेत. मोठ्या टाकीची क्षमता, डाइकची लांबी, रुंदी, उंची, वॉल्व्हचे नंबर, किल्ली कोणाकडे, तळाची जाडी शेवटची कधी मोजली, रात्री फोन कोणाला करायचा, हे त्यांत भरायचे आहे. मे महिना संपण्याआधी ते भरावेत. त्यातला एक तक्ता टेबलाशी बसून भरता येणार नाही: ड्रेनपासून सुरू करून गटाराच्या कडेकडेने, कुंपणाबाहेर, शेजारच्या प्लॉटमागून, पाणी ज्या नाल्याला मिळते तिथपर्यंत चालत जा आणि वाटेत तेल अडवता येईल अशा जागा लिहा. सोबत ऑपरेटरला न्या आणि रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकालाही.